डाव्या बाजूची काच

हरिश्चंद्र अण्णांनी रविवारी दुपारी गाडीच्या डाव्या काचेला खोबरेल लावलं. बंदर खात्यातून निवृत्त झाल्यापासून दाराच्या बिजागरीपासून स्वतःच्या गुडघ्यांपर्यंत सगळ्याला ते घरचं खोबरेलच लावत. गाडी त्यांची मुलगी राजश्री चालवायची. अण्णा डावीकडे बसायचे, कोपर बाहेर काढून. खाऱ्या वाऱ्याने तिथलं रबर कडक झालं होतं आणि काच रडतखडत वरखाली व्हायची.

तेल लावल्यावर ती झर्रकन खाली गेली. वर मात्र येईना.

"अण्णा, रबराला तेल लावत नाहीत. त्याचा वेगळा स्प्रे मिळतो."

"उतरली ना? मग चढेल. तीन तास कडक उन्हात ठेव. रबर मऊ पडलं की चढेल आपोआप."

"तुम्हाला यातलं काही कळत नाही," राजश्री म्हणाली आणि तिने गाडी मुद्दाम पत्र्याच्या शेडखाली सावलीत लावली.

अण्णांनी तेलाची बाटली आत नेऊन ठेवली. त्यांचं बरोबर ठरण्याचे प्रसंग त्या घरात पुष्कळदा येत. अशा वेळी राजश्री विषय बदलायची, आणि अण्णा तो बदलू द्यायचे.

सोमवारी सकाळी तिने चहाला हाक मारली, तेव्हा ते उठले नाहीत.

पुढचे नऊ दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. समाचाराला येणारा प्रत्येकजण शेडवरून येई, उघडी काच बघे, आणि अशा प्रसंगी काय बोलावं हा त्याचा प्रश्न सुटे. अण्णांच्या बहिणीने, गोदाआत्याने, फटीत अंगाला लावायची पावडर ओतली. जयगडच्या बंदरात कामाला असलेला चुलतभाऊ निलेश मेणबत्ती घासून गेला. शेजारच्या धोंडूकाकांनी कपड्याचा साबण घासला आणि त्याच साबणाने हात धुऊन ते घरी गेले. काच जागची हलली नाही.

"गॅरेजात टाकूया गो," निलेश म्हणाला.

"नको."

"का पण?"

अण्णांशी आपण शेवटचं काय बोललो, ते राजश्रीला एकटीलाच माहीत होतं.

दहाव्याला सगळे खाडीकाठी जमले. ऑक्टोबरचं ऊन होतं आणि गाडी लावायला सावली कुठेच नव्हती. निलेशने पिंड केले, केळीच्या पानावर मांडले. त्याच भाताचं उरलेलं पातेलं, खाली मुंग्या लागतील म्हणून, आत्याने गाडीत डाव्या सीटवर ठेवायला लावलं. मग सगळे मागे सरले.

समोरच्या सुरूच्या झाडावर सात कावळे बसले होते. तासभर झाला तरी एकही खाली येईना.

"काहीतरी मागे राहिलंय त्यांचं," भटजी म्हणाले. "बोला. शब्द द्या."

आत्या पुढे झाली. "दादा, कलमांना खत मी घालून घेईन हो." कावळ्यांनी दखल घेतली नाही. "बरं, राजूचं लग्न मी जमवीन."

"आत्या!"

"तू गप. मी दादाशी बोलत्येय."

"काका," निलेशने हात जोडले, "काच मी नवी बसवून आणतो. मोटरीसकट."

एक कावळा उठला आणि आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला.

"नको म्हणतोय," आत्या म्हणाली. "राजू, आता तूच बोल गो. तुझं ऐकायचा तो."

राजश्रीला बोलायचं होतं. पण इतक्या माणसांसमोर नव्हे.

तीन तास झाले. भटजींना मालगुंडला दुसरं कार्य होतं. त्यांनी निमूटपणे दर्भाचा कावळा करायला घेतला.

तेवढ्यात झाडावरून एक कावळा झेपावला. सगळ्यांनी हात जोडले. तो पिंडांच्या वरून गेला, तसाच पुढे गेला, आणि उघड्या काचेतून सरळ गाडीत शिरला.

"पातेलं!" आत्या ओरडली. झाडावरचे उरलेले सहाही निघाले. "राजू, काच लाव! सगळे आत जातील!"

"लागत नाही ना ती!"

"बटण तरी दाब मेल्ये!"

राजश्री धावत गेली, उजवीकडून आत बसली, दार ओढून घेतलं, चावी फिरवली आणि केवळ आत्याचा शब्द मोडू नये म्हणून डाव्या काचेचं बटण दाबलं.

काच चढली. न कुरकुरता, न अडखळता, पार वरपर्यंत.

आत एकदम शांत झालं. डाव्या सीटवर, पातेल्याच्या काठावर कावळा बसला होता. त्याने मान वळवून काचेकडे बघितलं, मग राजश्रीकडे बघितलं आणि पुन्हा भातात चोच घातली. बाहेर निलेश ओला पंचा सावरत मेणबत्ती घासल्याच्या खुणा करत होता. आत्या त्याला बाजूला सारून पावडरचा डबा हलवल्याच्या खुणा करत होती. भटजींनी काचेला नाक लावून पातेलं नीट पाहिलं. भात पिंडाचाच होता. त्यांनी दर्भ खाली ठेवला आणि हात जोडले.

राजश्रीने घड्याळ बघितलं. तीन तास आणि वर दहा मिनिटं. विषय बदलायला या वेळी काही सुचेना.

"चढली, अण्णा," ती म्हणाली. "तुमचं बरोबर होतं."