रादिसावचं पोट आणि हॉलचं छप्पर

रादिसावनं कॉफीला नको म्हटलं. तिहोमिर कंत्राटदारानं कॉफीचं भांडं बाजूला सारलं आणि राकियाची, म्हणजे फळांच्या कडक दारूची, बाटली काढली.

“राकिया पण नको रे.”

आता मात्र तिहोमिर हादरला. हँडबॉलच्या जागतिक स्पर्धेचे चार सामने सर्बियातल्या त्या आडगावाला मिळाले होते. नवा हॉल तिहोमिर बांधत होता, आणि त्या कामावर पालिकेनं नेमलेल्या देखरेख समितीचा अध्यक्ष होता नगरसेवक रादिसाव. वर्षभर देखरेख चालली ती अशी, की रादिसाव यायचा, आधी कॉफी, मग राकिया, मग हॅमचे चार तुकडे, परत राकिया आणि सही. ज्याच्या घरची प्यायलो त्याच्याविरुद्ध लिहायचं, हे काय माणसाचं लक्षण झालं? त्यात तिहोमिर त्याचा कूम. म्हणजे लग्नात शेजारी उभा राहिलेला, सख्ख्या भावाच्या वरचा.

“कुमा, रागावलास होय माझ्यावर?”

“नाही रे बाबा. पोटात अल्सर झालाय. बेलग्रेडचा डॉक्टर म्हणाला, थेंब घेतलास तर थेट कापायला घेईन.”

“बेलग्रेडला जाऊन आलास?” तिहोमिरचं तोंड चुन्यासारखं झालं. “मला न सांगता?”

हातात ग्लास नसल्यावर माणसानं बघायचं तरी कुठं? रादिसाव हॉलमध्ये बसल्या बसल्या वर बघायला लागला. वर्षात पहिल्यांदाच.

“तिहोमिर, ते वर निळं काय आहे?”

“छप्पर.”

“त्यातनं ढग चाललाय.”

दुपारपर्यंत गावभर झालं. रादिसाव बेलग्रेडला गेला होता, सरकारी वकिलाकडं. आल्यापासून कुणाच्या हातचं काही घेत नाही. अल्सर? असल्या वेळी सगळ्यांनाच अल्सर होतो!

संध्याकाळी नळवाला दारात हजर. रादिसावनं काही बोलायच्या आतच म्हणाला, “हॉलच्या संडासात बायकांच्या बाजूला पाइप टाकलेच नाहीत. उद्या टाकतो.”

“अरे, मी कुठं काय विचारलं?”

“तेच तर! तू विचारत नाहीस, म्हणजे तुला सगळं माहीत आहे.”

पाठोपाठ वीजवाला येऊन वायरी बदलतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिहोमिर स्वतः छपरावर चढला, तेही हेल्मेट घालून.

इकडं रादिसावचे हाल कुत्रं खाईना. खाणावळीत तो कॅमोमाइलचा चहा घेऊन बसला की शेजारची टेबलं रिकामी व्हायची. पत्त्याला चौथा गडी कमी असला तरी त्याला कुणी बोलवेना.

“लोक घाबरतात हो तुम्हाला,” त्याची बायको यागोदा म्हणाली. तिला मनातनं जरा बरंच वाटत होतं.

“घाबरणारे काय चाटायचेत? बसायला चार माणसं पाहिजेत मला.”

माणसं नाहीत, तर निदान हातोड्यांचा आवाज तरी ऐकावा म्हणून तो रोज हॉलवर जाऊन बसायला लागला. करायला काही नाही, म्हणून नकाशे वाचले. कुठला बोल्ट कुठं, हे हळूहळू तिहोमिरपेक्षा त्यालाच जास्त कळायला लागलं. तिहोमिर त्याला आता कुमा म्हणायचा नाही, “साहेब” म्हणायचा. ते पोटातल्या अल्सरपेक्षा जास्त टोचायचं.

स्पर्धा झाली. चारही दिवस धो धो पाऊस पडला आणि आत एक थेंब गळला नाही. डेन्मार्कहून आलेल्या पाहुण्यांनी कौतुक केलं. गावानं ते गुमान ऐकून घेतलं, कुणालाच खरं वाटत नव्हतं.

दोन महिन्यांनी डॉक्टर म्हणाला, जखम भरली, थोडी घ्यायला हरकत नाही. रादिसाव बसमधनं उतरला तो तडक महापौर व्लास्टिमिरकडं. पुढच्या साली पोहण्याची स्पर्धा यायची होती, तलावाचं काम निघालं होतं.

“तुला परत अध्यक्ष करायचं म्हणजे…” महापौर त्याच्याकडं संशयानं बघत म्हणाला. “लोकांना धास्ती वाटते रे.”

“पोट बरं झालं माझं! ओत बघू.”

महापौरानं ओतली. रादिसावनं एका घोटात संपवली. डोळ्यांत पाणी आलं, अर्धं राकियानं, अर्धं आनंदानं. महापौरानं मोठा सुस्कारा सोडला, दुसरी ओतली, खिडकी उघडून खाली हाक मारली, “तिहोमिर, वर ये! पितोय तो!”

तिहोमिर धावत वर आला, “कुमा!” म्हणून गळ्यातच पडला. महापौरानं फाइल पुढं सरकवली. “हं, इथं सही कर आणि चला, जेवायलाच जाऊ तिघं.”

रादिसावनं पेन घेतलं. कागदावर टेकवलंसुद्धा. पण मेला हात, आपसूक नकाशाच्या पानाकडं गेला.

“तिहोमिर,” तो म्हणाला, “ह्यात पाणी बाहेर जायला वाट कुठाय?”

महापौरानं बाटलीला बूच लावलं, दुसरा भरलेला ग्लास हळूच रादिसावसमोरनं उचलला आणि स्वतःच पिऊन टाकला.