शुक्राच्या घरचं सुतक

साऱ्या अमरावतीत शुक्राची खबरबात ठेवणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे मी, शेषराव! बाकीची जनता आभाळाकडे बघायची ती फक्त कापूस भिजेल का एवढं विचारायला. सदुसष्ट सालच्या जूनमध्ये रशियानं शुक्राकडे एक बिनमाणसाचं यान धाडलं, आणि तेव्हापासून कचेरीत त्याच्या बातम्या मीच पुरवत होतो. "आता अर्ध्या वाटेत हाये," मी सांगायचो. "असू द्या," हेडक्लार्क म्हणायचा, "तुमची फाईल कुठवर आली?" असल्या दगडांपुढे मी विज्ञान सांगत होतो.

नेमकं ते यान पोचायच्या सुमाराला माझ्या भाचीचं, सत्यवतीचं, साक्षगंध निघालं. तिवशाला, माझ्या बहिणीच्या, दुर्गाबाईच्या घरी. मेहुणे वारलेले, म्हणून मुलीकडून सुपारी फोडायचा मान माझा. आधीच्या दोन सोयरिकी मोडलेल्या. एकीला पत्रिका आडवी आली, दुसरीला मांजर. पोरगी मॅट्रिक पास, पण उगीच बसून राहिलेली. दुर्गाबाईनं मला बजावलं, "दादा, पाव्हण्यायसमोर तुयं ते आभाळ काढू नोको." मी हो म्हटलं आणि पिशवीत ट्रान्झिस्टर घातला.

बाळापूरहून पाव्हणे आले. नवरदेवाचे वडील पुंजाजी म्हणजे गरीब गाय. खरा कारभार त्यांच्या बहिणीचा, चतुराबाईचा. या बाईला शिंक आली तरी आधी वार विचारणार. शुक्र मावळलेला असला की आपल्याकडे लग्नकार्य होत नाही, म्हणून शुक्र नीट उगवलेला आहे ना, हे तिनं भटजींना दोनदोनदा विचारून घेतलं होतं. अशा डोक्यात अंतराळ कुठून शिरणार?

चहा झाला. पाट मांडले. पुंजाजींनी सुपारी पुढे ठेवली. बातम्यांची वेळ झाली म्हणून मी ओसरीच्या कोपऱ्यात जाऊन ट्रान्झिस्टर कानाला लावला. यान शुक्राच्या ढगांत शिरलं, दीड तास तिथली हवा अन् उष्णता कळवत राहिलं, आणि मग बोलायचं थांबलं.

मला भडभडून आलं. सख्ख्या माणसाची मी इतके दिवस वाट पाहिली नव्हती. "गेलं, गेलं," म्हणत मी मटकन खाली बसलो आणि डोळ्यांना धोतराचा सोगा लावला.

बायका धावल्या. चतुराबाई सगळ्यांच्या पुढे. "कोन गेलं?"

"शुक्रावर गेलं होतं... रशियाचं यान. दीड तास बोललं बिचारं, अन् सरलं."

बाईनं हातातली कुंकवाची वाटी खाली ठेवली. "म्हंजे शुक्राच्या घरी मयत झाली."

मी तुच्छतेनं हसलो. "अवो बाई, यंत्र हाये ते. लोखंड. लोखंड मरते काय?"

"मंग तुमी रडून कावून राहिले?"

मी घाईघाईनं डोळ्यांवरचा सोगा काढून खोचला.

"शुक्र मावळला तं लगन होत नाई," बाई भावाला समजावू लागली, "अन् त्याच्या घरात मुडदा पडला तं होईन काय? सुतक फिटू द्या, मंग पाहू."

पुंजाजींनी मुकाट्यानं सुपारी उचलून खिशात घातली. दुर्गाबाईनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी सांगत नाही.

मग विज्ञानाचा हा माणूस काय करू लागला? सुतकावर वाद घालू लागला. "सुतक भाऊकीले लागते. रशियाचं यान अन् शुक्र, यायची कुठली भाऊकी? पाव्हणं होतं ते."

"पाव्हणा घरात मेला तरी इटाळ होतेच."

तेवढ्यात सत्यवती दाराआडून बाहेर आली. साक्षगंधाच्या मुलीनं तोंड उघडायचं नसतं. पण तिची तिसरी सोयरीक डोळ्यांदेखत खिशात गेली होती.

"आत्याबाई, शुक्रावर कोनी रडलं काय?"

"तिथं कोन रडन?"

"मंग सुतक शुक्राले नाई. जो रडला त्याले. मामा आमच्या भाऊकीतला नाई, त्याचं त्याले राहू द्या."

चतुराबाईनं पोरीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पोरगी कायद्याची हाये," ती म्हणाली. भाचीनं मला एका दमात वाळीत टाकलं आणि झाडून सगळे खूश झाले.

"पन सुपारी कोन फोडन?" पुंजाजी पहिल्यांदाच बोलले, तेही नेमकं वाकडं. "सुतक्याच्या हातची चालत नाई."

मुलीकडे दुसरा वडीलधारा नव्हता. दुर्गाबाई रडकुंडीला आली. शेवटी चतुराबाईच पुढे सरसावली.

"दात यायच्या आधी तान्हं लेकरू गेलं तं सुतक नसते. आंघोळ केली का झालं. शेषरावजी, वय काय होतं त्याचं?"

"निघून चार महिने झाले होते."

"दात आले होते काय?"

सत्यवती माझ्याकडे पाहत होती. साऱ्या अमरावतीला अडाणी म्हणणारा मी उठून उभा राहिलो, गळ्याला हात लावला आणि शपथेवर सांगितलं, "नाई. एकही नाई."

मला अंगावरच्या कपड्यांसकट विहिरीवर न्हाऊ घातलं. ओल्या धोतरानं, कुडकुडत मी सुपारी फोडली. सोयरीक पक्की झाली. पाया पडायला वाकलेली सत्यवती हळूच म्हणाली, "मामा, खरंच नव्हते काय दात?"

आता मला तरी काय ठाऊक? मी थोडाच पाहायला गेलो होतो!