साळवे सरांची सुनावणी

घरात शिरलेल्या मांजरालासुद्धा साळवे सरांनी हाकलण्याआधी विचारलं होतं, "आपलं म्हणणं काय?" मांजर दूध पिऊन निघून गेलं. सर म्हणाले, "पक्षकार गैरहजर. एकतर्फी निकाल द्यावा लागेल."

सरांचे वडील कंपनीत फिटर आणि सर स्वतः विधी महाविद्यालयात प्रशासकीय कायद्याचे प्राध्यापक. ज्याच्याविरुद्ध निर्णय घ्यायचा त्याचं आधी ऐकून घ्यायचं, हे एकच त्यांनी जन्मभर पोरांकडून घोकून घेतलं. जोडीला राज्यशास्त्र. निवृत्त होऊन आमच्या पुनावळ्याच्या सोसायटीत आले, तर लिफ्टसमोर लाकडी खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडायला लागले. एकदा वॉचमनला म्हणाले, "लोकांना अडवायची सत्ता तुला कुणी दिली?" परभणीचा तो, शांतपणे म्हणाला, "एजन्सीनं, सर." या उत्तरावर सर दोन दिवस खूश होते.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. चाकणला शिफ्ट करून आलेल्या माणसाला सत्तेचा उगम ऐकायची हौस नसते. कमिटीनं ठराव केला आणि मी खुर्ची उचलून गच्चीवर नेऊन टाकली. त्यांना विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सरांचा अर्ज आला, 'सुनावणी मिळावी.' ग्रुपवर आम्ही पोट धरून हसलो. "द्या राव पाच मिनिटं म्हाताऱ्याला," कुणीतरी लिहिलं. रविवारी मी एकटाच गेलो. अर्ज फेटाळल्याचं पत्र आधीच टाइप करून खिशात ठेवलं होतं.

सर कोट-टाय घालून बसले होते. कमिटीच्या सातही जणांसाठी बशा मांडलेल्या, पोह्यांचं पातेलं झाकून ठेवलेलं.

"बाकीचे?"

"कामात आहेत, सर," मी खोटं बोललो.

"बरं. निकाल आणलाय ना?"

मी खिशातून पत्र काढून दिलं. सरांनी ते दोनदा वाचलं.

"कारण दिलेलं नाही. असा आदेश टिकत नाही, सेक्रेटरी." त्यांनी पेन काढलं आणि खाली स्वतःच लिहिलं, 'लिफ्टसमोरची जागा सर्वांची आहे. खुर्चीमुळे तिथून स्ट्रेचर वळणार नाही.'

"मग सर, तुमचं म्हणणं?"

"काही नाही. तुमचं बरोबरच आहे." ते पोहे वाढू लागले. "ही गेल्यापासून घरी कुणी येत नाही. खुर्ची वाटेत असली की लोक निदान 'सर, जरा सरका' तरी म्हणायचे."

मी बशी हातात घेतली. आदेश चुकीचा नव्हता. त्याचं कारण त्यांच्याच अक्षरात समोर पडलं होतं, आणि मान वर करून त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटत होती.