देशकर सरांचा ओव्यांचा क्लास

आमचे शेजारी देशकर सर कुणी ‘डू नॉट’ म्हटलं की कानांवर हात ठेवतात. “डोन्ट म्हणा, वहिनी! एका शब्दात भागते तिथं दोन काहून खर्चता?” हे ते मला सांगतात. मी दूधवाल्याशीही इंग्रजी बोलत नाही.

जबलपुरातल्या आमच्या गोरखपूर भागात निवृत्त माणसं भाजी आणतात, नाहीतर भांडतात. सरांनी इंग्रजीचा फुकट क्लास काढला. पोरं जमली आणि मग आयांना कळलं, शिकवणी चालते ती जात्यावरच्या ओव्यांवर!

त्या देशकरांच्या घरच्या ओव्या. पूर्वज मराठ्यांच्या फौजेसोबत इकडे आले, तेव्हापासून घरात आलेल्या प्रत्येक सुनेनं आपल्या काळचं गाव एका ओवीत घालायचं, अशी रीत. नर्मदेचा तिलवारा घाट, गोंड राजांचा गढ्याचा किल्ला, इंग्रजांची छावणी, तोफांचा कारखाना, सगळं ओळीनं.

तिलवाऱ्याच्या घाटी घोडं पाणी बघून थांबलं,
सासऱ्याचं माझ्या लष्कर तिथंच गं लांबलं.

सर फळा बडवत विचारत, “घोडं काय करून राहिलं?”

“द हॉर्स वोन्ट गो!”

“काहून?”

“इट्स स्केअर्ड!”

“शाबास! वोन्ट झालं, इट्स झालं, इतिहासही झाला.”

एका आईनं तोंडावर सुनावलं, “सर जी, इंग्लिश पढ़ाइए न! चक्की के गाने कौन पूछता है?”

“म्हणूनच तर,” सर म्हणाले. “ओव्या शिकवतो म्हटलं असतं तर पोरं धाडली असती का तुम्ही?”

भर दुपारी वीस पोरांचा तो गलका. एक दिवस मी तणतणत तक्रार करायला गेले आणि दारातच थबकले. पोरं सरांच्या आईच्या ओवीपर्यंत आली होती. सरांनी त्यांना गप्प केलं आणि ते आतल्या खोलीच्या पडद्याकडे बघत राहिले. आत त्यांच्या पत्नी, कुसुमताई. अर्धांगवायूनं वाचा गेलेली. पुढची ओवी त्यांची होती.

“जुन्या सगळ्या आईकडून पाठ झाल्या,” पोरं गेल्यावर सर मला म्हणाले. “हिची तेवढी नाही. चाळीस वर्षं म्हणायची. मी पेपर तपासत असलो की ओरडायचो, आवाज कमी कर. आता रोज तिथवर आणून सोडतो. म्हटलं, ओघात निघेल तोंडून.”

मूलबाळ नाही, म्हणजे पुढची सूनही नाही. मी तक्रार न करता घरी परतले.

ताई पौषात गेल्या. शेवटपर्यंत शब्द फुटला नाही.

तेराव्यानंतर सर आमच्या दारात आले. “वहिनी, तुम्ही दोघी पापड लाटायच्या. तेव्हा ती तिची ओवी म्हणायची. येते का तुम्हाला?”

वीसदा तरी ऐकली असेल. एक शब्द आठवेना. काहीतरी रचून सांगावं असंही मनात आलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

“शब्द नाही आठवत, सर. पण ताईंच्या ओवीत गाव नव्हतं. तुम्ही होते.”

“मी?” सर उंबऱ्यावरच बसले. “कसा?”

“तेही नाही आठवत. आम्ही दोघी खूप हसायचो, एवढंच.”

“अच्छा.” ते हातातली टोपी सारखी करत राहिले. “हसायच्या म्हणजे चांगलंच असेल काही.”

“चांगलंच होतं,” मी म्हटलं.

मला खरंच ठाऊक नाही.