बिरूअण्णा आणि जांभईची परीक्षा

माणसाला पहिली जांभई किती मिनिटांनी आली हे घड्याळ लावून टिपून ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बिरूअण्णा. सांगलीला विश्रामबागेत त्यांची खानावळ होती आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना मी दोन्ही वेळा तिथं जेवत होतो. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते, ज्वारी पुन्हा बाजारात दिसायला लागली होती, आणि आम्ही अकरा पोरं दिवसाला किती खातो याची आमची आम्हांलाच लाज वाटत असे.

अण्णा मूळचे जतकडचे. लष्करात बावीस वर्षं लांगरी होते, म्हणजे पलटणीचे स्वयंपाकी. हवालदार होऊन पेन्शनीत आल्यावर त्यांनी दोन खोल्या आणि एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आणि पुन्हा चुलीपुढेच बसले. अंगात बंडी, खाली खाकी हाफपँट, आणि मनगटावर घड्याळ, तेही आतल्या बाजूला. जेवण तयार झालं की पळी ताटावर बडवून ओरडायचे, "फालिन!" म्हणजे लष्करातलं 'फॉल इन', रांगेला लागा. आम्हांला नावं होती, पण ती त्यांनी कधी वापरली नाहीत. ज्याचं गाव तेच त्याचं नाव. कुणी पाटण, कुणी तासगाव. मी शिराळा.

त्यांचा हात शंभर माणसांच्या अंदाजावर बसलेला. अकरा जणांची आमटी त्यांना जन्मात जमली नाही. उरलेली आमटी गल्लीतल्या कुत्र्यांना जाई आणि विश्रामबागेत आमच्या गल्लीइतकी धष्टपुष्ट कुत्री दुसरीकडे नव्हती. एखाद्यानं भाजीची तारीफ केली तर अण्णा खेकसत, "गप जेव. चव इचारली का तुला कुनी?" स्वतः मात्र ते त्यातलं काहीच खात नसत. कोपऱ्यात बसून ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी. स्वयंपाकाचं त्यांना प्रेम नव्हतं. ड्यूटी होती, ती ते करत होते.

आता या माणसाचा आणि इंजिनिअरिंगचा संबंध काय, असं कुणीही विचारील. संबंध होता कॉलेजच्या एका नियमाचा. बाहेरगावच्या मुलाच्या प्रत्येक फॉर्मवर स्थानिक पालकाची सही लागे. आम्हां खेड्यांतल्या पोरांचं सांगलीत कोण असणार? मग जो जेवायला घालतो तोच पालक. कॉलेजच्या हेडक्लार्कनं एकदा चेष्टेनं विचारलं, "हवालदार, पोरं किती तुम्हांला?" अण्णा ताठ उभे राहून म्हणाले, "औंदा अकरा, सायेब."

पण सही म्हणजे नुसतं पेन उचलून फरकाटा मारणं, हे त्यांना मंजूर नव्हतं. सही केली की जबाबदारी आली. आणि सगळ्यांत मोठी जबाबदारी ब्रँचच्या फॉर्मची.

त्या काळी पहिलं वर्ष सगळ्यांचं एकच असे. वार्षिक परीक्षा झाली की गावी जाण्याआधी फॉर्म भरून द्यायचा: सिव्हिल, मेकॅनिकल की इलेक्ट्रिकल. एकदा दिला की बदल नाही. त्या पंधरवड्यात हॉस्टेलवर नुसता गोंधळ. सकाळी मेकॅनिकलला भाव असे, संध्याकाळपर्यंत तो इलेक्ट्रिकलला गेलेला असे. कुणाचा तरी मेहुणा पुण्यात असायचा आणि तो काहीतरी बोललेला असायचा.

अण्णांना मेहुण्यांवर विश्वास नव्हता. मार्कांवरही नव्हता. "कंटाळा खोटं बोलत न्हाई," हे त्यांचं ठाम मत. ज्या वस्तूजवळ नुसतं बसून माणसाला कंटाळा येत नाही, ती त्याची ब्रँच. त्यासाठी तीन दिवसांची परीक्षा. पहिल्या दिवशी कृष्णेवरच्या पुलाखाली बसायचं आणि पुलाकडे बघायचं. दुसऱ्या दिवशी एका वर्कशॉपात लोखंड कातायच्या लेथ मशीनपुढे. तिसऱ्या दिवशी पंपांच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात. बोलायचं नाही, वाचायचं नाही. अण्णा शेजारी घड्याळ धरून. पहिली जांभई आली की वहीत वेळ पडली.

पोरं काही कमी नव्हती. पाटणला मेकॅनिकल हवंच होतं, म्हणून तो लेथपुढे दात आवळून बसला. अण्णांनी वहीत आकडा टाकला. पाटण म्हणाला, "अण्णा, मी जांभई दिलीच नाही!"

"गिळलीस. नाकपुडी फुगली तुजी. गिळलेली बी धरतो म्या."

इस्लामपूरच्या एका पोरानं तिन्ही ठिकाणी दहा मिनिटांच्या आत जांभई दिली. अण्णा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तू म्यानेजर हो." तो पुढे खरोखरच एका बँकेत मॅनेजर झाला आणि सुखात आहे.

मग माझी पाळी आली. पण माझी ब्रँच गावात आधीच ठरून गेली होती. आमच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, शिराळ्याच्या बाजारात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगं सिव्हिल विंजनेर होणार आणि आमच्या ओढ्यावर पूल बांधणार. पावसाळ्यात ओढा भरला की पलीकडची वाडी आठ आठ दिवस तुटायची. आबांनी मंडळींना पुलाची जागासुद्धा दाखवली होती. मला विचारायचं तेवढं राहिलं होतं. आमच्याकडे ऊस कुठला लावायचा हे शेजाऱ्याला विचारतात, पण पोरानं काय व्हायचं हे पोराला विचारायची पद्धत नाही.

पुलाखाली मला सतराव्या मिनिटाला जांभई आली आणि चाळिसाव्या मिनिटाला मी चक्क झोपलो. लेथपुढे तासभर तग धरला. तिसऱ्या दिवशी मोटारीच्या दुकानात गेलो. उन्हाळ्याचे दिवस, विहिरींवरच्या मोटारी पटापट जळत होत्या, दुकानापुढे शेतकऱ्यांची रांग. मिस्त्री जळकी तार उपसून काढत होता आणि नवी तांब्याची तार एकेका खाचेत बसवत होता, तोंडानं वेढे मोजत. एक वेढा चुकला की सगळं उपसायचं, पुन्हा पहिल्यापासून. तार बसली, वार्निश झालं, आधी वाळायला ठेवलेली दुसरी मोटार त्यानं टेबलावर घेतली आणि बटण दाबलं. मेलेलं लोखंड गुणगुणायला लागलं. मी पुढे सरकलो तो सरकलोच. मग खांद्यावर अण्णांचा हात पडला. "चल, शिराळा. साडेतीन तास झालं. पोरं जेवायची खोळंबल्यात."

मला हवं होतं ते मला कळलं, आणि कळल्यावर धास्तीच बसली. म्हटलं, अण्णा, गुपचूप सही करा, आबांना मी नंतर सांगतो. अण्णा भडकले. "बापाला चोरून? म्या स्थानिक पालक हाय रं, स्थानिक चोर न्हवं. पत्र टाक."

पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी पहिल्या एसटीनं आबाच आले. डोक्याला फेटा, हातात पिशवी, पिशवीत गुळाचा खडा. गूळ त्यांनी आधी रीतसर अण्णांच्या हातात दिला आणि मग भांडणाला सुरुवात केली.

"हवालदार, पोराला पुलाखाली निजवून ब्रँच काढली म्हनं तुमी?"

"निजवलं न्हाई. त्योच निजला."

"आवं, उनाळ्यात गार सावलीला कुनीबी निजंल. आमचा बैल बी निजंल!"

"बैलाला ब्रँच घ्यायची न्हाई. तुमी सवता बसून बगा की."

आबा म्हणाले, बसतो की, भितो काय कुणाला. दुपारची जेवणं उरकून आम्ही तिघं सिटी बसनं पुलावर गेलो आणि खाली उतरलो. नदी आटलेली. आबा एका धोंड्यावर बसले. अण्णांनी मनगट उलटं केलं. मी मनात म्हटलं, आबा पहाटे तीनला उठलेत, पोटभर आमटी-भात झालाय. पाच मिनिटांत घोरतील आणि हरतील.

पाच मिनिटांनी आबांनी मान वर केली ती खाली घेतलीच नाही. मग उठले. खांबाला हात लावून पाहिला. दगडांच्या सांध्यावरून बोट फिरवलं. "ह्यो खांब पान्यात हुबा कसा क्येला असंल वो? तवा नदी कुटं ठिवली असंल?" कुणी उत्तर दिलं नाही, कारण परीक्षेत बोलायचं नव्हतं. आबांना त्याची पर्वा नव्हती. त्यांनी एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पावलं टाकून अंतर मोजलं. धोतर वर खोचून गुडघाभर पाण्यात गेले आणि खांब पाण्यात कुठवर गेलाय ते चाचपून आले. परत येऊन धोंड्यावर बसले, पुन्हा उठले. मावळतीकडून ऊन आत आलं तरी त्यांचं चाललंच होतं. आमच्या आबांचं असं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. एखाद्या लहान पोरासारखं उघडं होतं ते.

"आबासायेब, दोन तास धा मिन्टं," अण्णा म्हणाले. "एक बी न्हाई."

"काय एक बी न्हाई?"

"जांभई. सिव्हिल तुमाला लागलीया. पोराला न्हाई. पोरानं आत्ता बी दोन दिल्या."

मी जमिनीत जायला तयार होतो. आबा पायाला लागलेली वाळू झटकत राहिले. पुलाकडेच बघत म्हणाले, "मला चौथीतनं काढलं. असलं काय शिकाय मिळतंया, हे कुनी म्हनलंच न्हाई कवा." मग माझ्याकडे वळले. "तुला काय पायजे रं?"

मी इलेक्ट्रिकल म्हणालो.

"भर जा तुजं करंटाचं. वड्यावर पूल बांधंल कुनीतरी. मंडळींस्नी मी सांगतो."

त्यांना मिठी मारावी असं मला फार वाटलं. आमच्यात बापाला मिठी मारत नाहीत, म्हणून मी त्यांची पिशवी उचलून घेतली. अण्णांनी तिथंच, धोंड्यावर वही ठेवून, तिच्यावर फॉर्म ठेवून सही केली. प्रत्येक अक्षर वेगळं, लष्करी रांगेत उभं.

पेनाला टोपण लावत होते तेव्हा आबांनी विचारलं, "हवालदार, समद्यांची ब्रँच काडलीसा. तुमची सवताची कंची वो?"

आम्ही अकरा जण वर्षभर त्यांच्या हातचं जेवलो, पण हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. अण्णा जरा गोंधळले. "माजी? मला कुटं इचारलं? जर्मनीची लढाई चालू हुती. आमच्याकडं पाऊस न्हाई, मेंढरं इकली. बानं भरतीला नेऊन हुबं क्येलं. सायेब म्हनला, काय येतं? म्हनलं, भाकरी थापाय येती. रानात मेंढरांमागं आमी आमचीच भाकर थापतावं. झालं. घातला चुलीफुडं."

"ते झालं वो. पायजे काय हुतं?"

"मेंढरं," अण्णा म्हणाले. लगेच म्हणाले, विचारच करावा लागला नाही. "दिस उगवल्यापास्नं मावळंस्तवर मागं बसायचं. निस्तं बगायचं. कवा म्हून जांभई आली न्हाई बगा. कंटाळा खोटं बोलत न्हाई, हे तितंच शिकलो."

"मग पेन्शनीत आल्यावर घ्यायची चार."

"घेतली हुती की. आई-बा गेल्यालं, भाऊ मुंबईला. म्या आन मेंढरं. रानात जाऊन बसलो." अण्णांनी मनगट उलटं केलं, पण घड्याळाकडे पाहिलं नाही. "धाव्या मिन्टाला जांभई आली."

आबांनी धोंड्यावरची वही उचलून त्यांच्या हातात दिली.

"बावीस वर्सं शंभर मान्सांत काडली," अण्णा म्हणाले. "मेंढरांची काय चूक? इकून टाकली आन हितं आलो. चला. पोरं भुकंजली असतील."

चढण चढून आम्ही रस्त्यावर आलो. संध्याकाळची वर्दळ होती. बैलगाड्या, सायकली, कोल्हापूरकडनं येणारे ट्रक. मी आणि आबा पुढे, अण्णा मागे. मग माझ्या ध्यानात आलं की वर्षभरात कुठंही जाताना हा हवालदार आमच्या पुढे कधी चाललाच नव्हता. रस्ता ओलांडायची वेळ आली तसे त्यांनी मागून दोन्ही हात बाजूला पसरले, जिभेनं बारीक "च्यक च्यक" केलं, आणि आबांना नि मला मिळून कडेकडेनं पलीकडे नेलं. आपण काय करतोय याचा त्यांना पत्ताही नसावा.

मला हसू आलं. आबांनी मागे वळून पाहिलं नाही. एरवी सगळ्या गावाला मागे टाकणारा आमचा बाप, त्यानं फक्त चाल थोडी हळू केली आणि अण्णांच्या हाताच्या आत आत चालत राहिला.