जावयाच्या चारित्र्याचा दाखला

पोलीस दारात आला तेव्हा वैजनाथ सासऱ्यांनी आणलेला लाडू सासऱ्यांनाच आग्रह करकरून वाढत होता.

पोलीस कधी ना कधी येणार हे त्याला ठाऊक होतं. न्यूझीलंडमध्ये पोकलेन चालवायची नोकरी मिळाली होती, दोन वर्षांचा करार होता आणि व्हिसासाठी पोलिसांचा दाखला लागत होता. आपला जावई सास्तूरहून थेट परदेशात खड्डे खणायला जाणार, या आनंदात शांतलिंगअण्णा जेवळीहून डबाभर लाडू घेऊन आले होते. पोलिसानंही नेमकी तीच सकाळ निवडावी, याला काय म्हणायचं!

“कागदं समदी बराबर हायत,” खुर्चीवर टेकत पोलीस म्हणाला. “फकस्त एक केस दिसतीया. कलम एकशे पंच्याऐंशी. तीन वर्षांमागची. दंड भरून मिटलेली.”

चहा घेऊन आलेली त्याची बायको शिवकन्या दारातच थांबली. “केस? कसली वो केस?”

कलम एकशे पंच्याऐंशी म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणं. तीन वर्षांपूर्वी एका मित्राच्या हळदीत वैजनाथनं आग्रहाखातर दोन पेले घेतले होते. परतताना नाक्यावर पोलिसांनी तोंडात नळी दिली. पुढं कोर्ट, दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत बाकावर बसून राहायची शिक्षा. घरी त्यानं सांगितलं होतं, पोकलेनचा पार्ट आणायला लातूरला गेलो होतो. त्यानंतर त्यानं थेंबाला स्पर्श केला नव्हता. पण हे सांगायचं कुणाला? शांतलिंगअण्णांनी पोरगी दिली होती तीच मुळी ‘पोरगा सुपारीसुद्धा खात नाही’ या एका गोष्टीवर. जेवळीत दारूबंदीचं भाषण अण्णांशिवाय होत नसे.

“हेल्मेट,” वैजनाथच्या तोंडून निघून गेलं. “हेल्मेट नव्हतं घातलं.”

पोलिसानं काही बोलायला तोंड उघडलं. वैजनाथनं चपळाईनं त्याच्या हातात लाडू दिला. पोलिसानं लाडवाकडं पाहिलं, अण्णांच्या पांढऱ्याशुभ्र मिशांकडं पाहिलं आणि त्याला सगळा मामला उमगला.

“कागदावर हाय तेच म्या वर पाठवणार बरं का,” एवढंच म्हणून तो उठला.

“हेल्मेटसाठी कोर्ट!” अण्णा भारावून म्हणाले. “जावईबापू, कायदा असाच कडक पायजे. माझ्या ध्यानातच आलं नव्हतं आजवर.”

दुसऱ्या दिवशी वैजनाथ सोलापूरला महारुद्रच्या ऑफिसात जाऊन बसला. महारुद्र परदेशी नोकऱ्यांची कागदपत्रं करून देत असे.

“फॉर्मात इचारलंय, कधी शिक्षा झालीय का,” वैजनाथ हळूच म्हणाला. “न्हाय लिवलं तर?”

“तर तुमी इथंच ऱ्हाणार,” महारुद्र म्हणाला. “लपवलेलं घावलं की दार बंद. खरं लिवलं तर निदान इचार तरी करत्यात. कोर्टाचा कागद जोडा, काय घडलं त्याचा खुलासा लिवा, आन तुमाला वळखणाऱ्या दोघांची चारित्र्याची पत्रं द्या.”

वैजनाथनं तिथंच बसून दोन पानी खुलासा लिहिला. पहिला पेला कुणी दिला, दुसरा का नाकारता आला नाही, बाकावर बसल्यावर कशी लाज वाटली, सगळं लिहिलं. सात समुद्रापलीकडच्या अनोळखी साहेबाला सांगायला त्याला जराही जड गेलं नाही. बायकोला सांगायच्या नुसत्या विचारानंच घाम फुटत होता.

दोन दिवसांनी चारित्र्याचं एक पत्र रस्त्याच्या ठेकेदारानं दिलं, ते त्यानं महारुद्रला पाठवलं. दुसरं कुणाचं घ्यावं याचा विचार करत तो घरी आला, तर शिवकन्या म्हणाली, “पत्राचं काम झालं. म्या अण्णाला फोन केला. त्यांनी चार पानं लिवून महारुद्रभाऊंच्या मोबाइलवर धाडली बी.”

वैजनाथनं घाईघाईनं महारुद्रला फोन लावला.

“आलं की पत्र,” महारुद्र खुशीत होता. “आमच्या पोरीनं इंग्रजी करून फायलीबरोबर पाठवूनबी दिलं आत्ताच.”

“तुमी वाचलं का?”

“वाचायचं काय त्यात? सासऱ्यानं जावयाचं वाईट लिवलंय व्हय?”

सासऱ्यानं वाईट लिहिलं असतं तर बरं झालं असतं. अण्णांनी लिहिलं होतं की, सदर इसमाने आजतागायत दारूचा वाससुद्धा घेतलेला नाही. त्याच्यावरील खटला केवळ हेल्मेटचा असून तुळजाभवानीची शपथ घेऊन मी हे लिहीत आहे. त्याच फायलीत, त्याच्याच वर, कोर्टाचा कागद होता.

तीन आठवड्यांनी महारुद्रचा फोन आला. “घोटाळा झाला. कोर्ट म्हणतंय पिलेला, सासरा म्हणतोय वास न्हाय. साहेब लोकांना खरंखोटं करायचंय. शुक्रवारी सकाळी अकराला तुमच्या सासऱ्याला फोन येणार.”

म्हणजे शुक्रवारच्या आत अण्णांना सांगणं भाग होतं. बुधवारी वैजनाथ जेवळीला गेला. अण्णा मंदिरापुढच्या पारावर बसले होते, डोक्यावर नवंकोरं लाल हेल्मेट. भोवती दहाबारा माणसं.

“ह्ये आमचे जावई!” अण्णा गरजले. “हेल्मेटपायी कोर्टाची पायरी चढले, पर कुणाला दोष दिला न्हाय. त्यांच्यामुळं माझे डोळे उघडले!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वैजनाथ चहा पिऊन परत आला.

गुरुवारी तो पुन्हा गेला. अण्णा एकटेच होते. “मामा, एक सांगायचं होतं,” त्यानं सुरुवात केली.

“सांगू नगा,” अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “परदेशात जायचं म्हणून जीव कासावीस होतोय. मला कळतंय.” आणि अण्णांचेच डोळे भरून आले. आता रडणाऱ्या सासऱ्याला हे कसं सांगायचं? वैजनाथनं त्यांना पाणी दिलं आणि तो घरी आला.

शुक्रवारी तो शिवकन्येला घेऊनच गेला. अकराला पाच मिनिटं असताना त्यानं खोल श्वास घेतला. “मामा...”

फोन वाजला. अण्णांनी तो मोठ्या आवाजावर टाकून मधोमध ठेवला. तिकडून साहेब इंग्रजीत बोलले आणि एका बाईनं त्याचं हिंदी केलं.

“आपने लिखा है कि आपके दामाद ने शराब को कभी हाथ नहीं लगाया?”

“बिलकुल नै लगाया,” अण्णा ताठ बसले. “हेल्मेट का केस था वो.”

“लेकिन अदालत के कागज में लिखा है कि वे शराब पीकर गाड़ी चला रहे थे. उन्होंने खुद भी हमें यही लिखकर दिया है.”

अण्णांनी वैजनाथकडं पाहिलं. वैजनाथनं मान खाली घातली. “व्हय मामा. दोन पेले. तेवढेच. त्यापस्नं पुन्ना कधी न्हाय.”

शिवकन्येनं पदर तोंडाला लावला. रडतेय की काय म्हणून त्यानं घाबरून पाहिलं, तर ती हसू दाबत होती. “लातूरचा पार्ट!” ती पुटपुटली. “पार्ट कुठाय म्हणून म्या इचारलं न्हाय, म्हंजी मला कळलंच न्हाय व्हय?”

“हॅलो? अब आप अपने दामाद के बारे में क्या कहेंगे?”

अण्णांनी घसा खाकरला. शपथेवर लिहिलेलं पत्र त्यांच्या नावावर होतं, समोर जावई होता, शेजारी पोरगी होती. वैजनाथला वाटलं, संपलं. न्यूझीलंडही संपलं आणि सासुरवाडीही.

“बाई, साब को बोलो,” अण्णा सावकाश म्हणाले. “मेरेकु जितना मालूम था, उतना मैं लिख्या. अब्बी मालूम पड्या. ये आदमी मेरेकु झूट बोल्या, पर तुमकु सच बोल्या. सरकार के सामने सच बोलना आसान नै. आदमी कामसू है. लेके जाव.”

“आप नाराज नहीं हैं?”

“नाराज है ना! लई नाराज है. पर वो घर का मामला है, मैं देखता.”

तिकडं बाईनं हे इंग्रजीत सांगितलं आणि साहेब मोठ्यानं हसल्याचं सगळ्यांना ऐकू आलं.

घरचा मामला अण्णांनी असा पाहिला की महिनाभर वैजनाथशी एक शब्द बोलले नाहीत. शिवकन्येनं फोन केला तर “त्यास्नी सांग, जेवायला या म्हणावं” अशा तऱ्हेनं निरोप द्यायचे. दारूबंदीच्या सभेलाही त्यांनी दोनदा दांडी मारली.

मग व्हिसा आला. त्याच संध्याकाळी अण्णा सास्तूरला हजर झाले. घरात सगळ्यांची गडबड चालू असताना त्यांनी वैजनाथला खुणेनं अंगणाच्या टोकाला नेलं.

वैजनाथ वाकून पाया पडला. “मामा, माफ करा.”

“ते ऱ्हाऊ द्या,” अण्णांनी मागं वळून पोरगी ऐकत नाही ना याची खात्री केली. “पुढल्या साली शिवकन्या तिकडं आली, तर मलाबी यायचंय. त्यो फॉर्म मलाबी भरावा लागंल का?”

“लागंल की.”

“त्यात त्यो प्रश्न असंल? कोर्टाचा?”

“असतोय.” वैजनाथला काही उमगेना. “का वो मामा?”

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला.

“सत्त्याऐंशी साल,” ते म्हणाले. “येणेगूरच्या बाजारातनं येत हुतो. गाडी सरळ फौजदाराच्या जीपला घातली.”

“पिऊन?”

“म्या पिलेलो,” अण्णा पडेल आवाजात म्हणाले. “बैलं शुद्धीवर हुती.”