निशाच्या लग्नपत्रिकेची पीडीएफ

साखरपुड्याच्या पंगतीत, जिलेबी तोंडात असतानाच ज्ञानदेवांनी जाहीर करून टाकलं, "कागद तुम्ही निवडा, रंग तुम्ही निवडा, मशीनही तुमचंच वापरा. पण पत्रिकेची जुळणी माझ्या हातची! एक काना इकडचा तिकडे झाला तर मुद्रणालयाला कुलूप लावीन."

असं बोलू नये. निदान जिलेबी गिळून तरी बोलावं. पण कसबा पेठेत ज्ञानदेवांचं 'सुवाच्य मुद्रणालय' तीस वर्षं चालू होतं. छपाईचे शिशाचे खिळे जुळवण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती आणि आता संगणकावर आले होते. एकुलत्या एका मुलीची, निशाची पत्रिका दुसऱ्या कुणी जुळवायची म्हणजे हलवायाने स्वतःच्या घरच्या बारशाला बाहेरून पेढे आणण्यासारखं झालं असतं.

व्याही दत्तोबा हडपसरचे. जुनं शेतकरी घर, मोठी भावकी, आणि माणूस मोकळा. "बरं हाय की," ते म्हणाले. "अक्षर तुमचं, छपाई आमच्या कोंडीरामकडं." कोंडीराम म्हणजे दत्तोबांचे मेहुणे. त्यांनी हडपसरला नवं ऑफसेट मशीन बसवलं होतं. सोमवारी दुपारी बाराच्या आत मजकूर हातात पडला तरच पत्रिका त्या दिवशी मशीनवर चढणार होती. त्यानंतर मशीन आठवडाभर दुसऱ्या कामात अडकणार होतं, आणि गुरुवारी पहिली पत्रिका ग्रामदैवतापुढे ठेवायची होती.

ज्ञानदेवांनी शुक्रवारीच ट्रेसिंग पेपरवर मजकूर काढून ठेवला. तेवढ्यात कोंडीरामांचा फोन आला. "ट्रेसिंग आता कोन घेतंय? दोन हजार पाच साल हाय. पीडीएफ धाडा, मेलनं."

पीडीएफ ज्ञानदेवांनी जन्मात केली नव्हती. पण हे कबूल करायला पुण्यात जन्म कशाला घ्यायचा? "पाठवतो," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी त्यांनी संगणकात पीडीएफचा प्रिंटर घातला. हा प्रिंटर यादीत होता आणि टेबलावर नव्हता. त्याला शाई लागत नव्हती, कागद लागत नव्हता, कधी पुसावाही लागणार नव्हता. असा नोकर प्रत्येकाला मिळावा असं त्यांना वाटलं. मग सेटिंगची खिडकी उघडली आणि त्यात बारीक बारीक चौकोन निघाले. ज्ञानदेवांनी चष्मा चढवला आणि सरकारी अर्ज भरावा तसा एकेक चौकोन वाचायला घेतला. एका चौकोनापुढे इंग्रजीत लिहिलं होतं की फॉन्ट पाठवू नका.

हे त्यांना फार पटलं. हा मराठी फॉन्ट त्यांनी रीतसर विकत घेतला होता. पेठेतले निम्मे लोक तो फुकट मागायला येऊन गेले होते. दुकानात कुणी पेन ड्राइव्ह घेऊन शिरलं की ज्ञानदेव त्याच्या हातावरून नजर काढत नसत. "पत्रिका पाठवतोय ना? मग फॉन्ट कशाला पाठवू?" असं पुटपुटत त्यांनी त्या चौकोनात ठसठशीत खूण केली आणि फाइल रवाना केली.

तासाभरात दत्तोबांचा फोन. "पाव्हणं, पत्रिका विंग्रजीत काढलीय का?"

"छे, छे. शुद्ध मराठीत आहे."

"हितं तर टोपी घातलेले ए दिसत्यात. आन शेपटीवाले सी."

ज्ञानदेवांनी आपल्याकडची फाइल उघडली. अक्षर असं स्वच्छ होतं की दृष्ट काढावी. "मला इथे व्यवस्थित दिसतंय."

"आमाला हितं न्हाई दिसत."

"अहो, चष्मा लावून पाहा."

पलीकडून "बरं" एवढं ऐकू आलं आणि फोन बंद झाला. मागे उभ्या असलेल्या श्यामलाबाईंनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. "अहो, ते व्याही आहेत," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक नाहीत."

ज्ञानदेव वरमले, पण दोष आपला असेल असं त्यांना वाटलं नाही. फाइल जड असेल, म्हणून वाटेत मोडली असेल, असा त्यांनी निष्कर्ष काढला. सेटिंगमध्ये 'सर्वांत लहान फाइल' अशी एक सोय होती. काटकसरीची सोय दिसली आणि ज्ञानदेवांनी ती सोडली असं कधी झालं नव्हतं. त्यांनी ती निवडली आणि दुसरी फाइल पाठवली. या खेपेला टोपीवाले ए जागच्या जागी राहिले आणि वरचा गणपती मात्र धुक्यात गेला. "सोंड कंच्या बाजूला हाय, तेवढं तरी सांगा," दत्तोबा म्हणाले. आवाजात पूर्वीचा मोकळेपणा राहिला नव्हता.

रविवारी ज्ञानदेवांनी भावी जावयाला फोन लावला. साईनाथ हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होता. घरात इंजिनिअर येतोय तर एवढं काम तरी व्हावं, ही काही मोठी अपेक्षा नव्हती.

"काका, मी बँकिंगच्या प्रोजेक्टवर आहे," साईनाथ म्हणाला. "प्रिंटरमधलं मला खरंच काही कळत नाही. अनइन्स्टॉल करून परत इन्स्टॉल करा."

"तुम्हाला महिन्याचा पगार याचाच मिळतो का?"

"साधारण याचाच, काका."

ज्ञानदेवांनी प्रिंटर काढला आणि परत घातला. खिडकी पुन्हा उघडली, आणि फॉन्टवाली खूण आणि 'लहान फाइल'ची निवड त्यांनी पुन्हा न चुकता केली. कागदाचं माप मात्र या भानगडीत आपोआप बदललं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. तिसऱ्या फाइलमध्ये पत्रिका एका भल्यामोठ्या पानाच्या कोपऱ्यात जाऊन बसली. लग्नात व्याही रुसतात. इथे पत्रिकाच रुसली होती.

सोमवारी दहाला दत्तोबांचा फोन आला. "ज्ञानदेवराव, राग मानू नका. कोंडीराम म्हनतोय, मजकूर सांगा, आमी हितंच जुळवतो."

रागावले असते तर बरं झालं असतं. ते समजुतीने बोलत होते, आणि ते ज्ञानदेवांच्या जिव्हारी लागलं. तीस वर्षं गावाच्या पत्रिका जुळवल्या आणि पोटच्या पोरीची परक्याने जुळवायची! वर सासरच्यांना चष्मा लावायला सांगून पोरीची वाटही आपण बिकट केली. "बारापर्यंत थांबा," ते कसेबसे म्हणाले.

निशा ब्लाउजचं माप देऊन दुकानात आली तेव्हा वडील पडद्यापुढे डोकं धरून बसले होते. तिने खिडकी वाचली. एकदा वाचली, आणि खात्रीसाठी पुन्हा वाचली.

"बाबा, ही खूण कुणी केली?"

"मी. विचार करून केली."

"फॉन्ट पाठवू नका असं लिहिलंय इथे."

"मग? नाहीच पाठवायचा. आपला आहे."

"तुमच्या संगणकात तो आहे म्हणून तुम्हाला अक्षर दिसतंय. त्यांच्याकडे नाही. ते कसं वाचणार?"

"त्यांनी विकत घ्यावा."

"पत्रिकेपुरता?" निशाने खुर्ची ओढली. "बाबा, कुणाला जेवायला बोलावलं म्हणजे स्वयंपाकघर नावावर करून दिलं असं होत नाही. फॉन्ट फाइलच्या आत बसतो. ते वाचू शकतील, छापू शकतील. काढून घेऊ शकणार नाहीत."

ज्ञानदेवांनी फॉन्टकडे शेवटचं पाहावं तसं पडद्याकडे पाहिलं आणि मान हलवली. निशाने खूण काढली, फॉन्ट आत घालायचा पर्याय निवडला, माप पत्रिकेचं दिलं, 'लहान फाइल' बदलून 'छपाईसाठी' केली. सव्वाअकराला फाइल गेली.

पाच मिनिटांत फोन. "आलं! पाव्हणं, काय देखणं अक्षर हाय! गनपती तर बोलल असा हाय."

ज्ञानदेवांनी डोळे पुसले. श्यामलाबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

"थांबा, वाचतो," दत्तोबा म्हणाले. त्यांनी वाचलं. "पाव्हणं, आमची मान्सं कुठं हायती?"

"आहेत की. शेवटून दुसरी ओळ. 'आणि समस्त आप्तपरिवार'."

"म्या बेचाळीस नावं लिवून दिली व्हती."

"अहो, बेचाळीस नावं म्हणजे मतदारयादी झाली. पत्रिका कशी सुटसुटीत हवी."

दत्तोबा चिडले नाहीत. "तसं न्हाई," ते म्हणाले. "शनवारपासनं सगळी भावकी हितं पत्रिका बघाया येतीय. सुखदेवतात्यांनी टोपीवाल्या ए वर बोट ठिवून सांगितलं, हे माझं नाव. आत्तीनं एक शेपटीवाला सी धरला. हरेकानं आपापली वळ वाटून घेतली, आन खुशीत घरी गेली. आता त्यास्नी काय दावू?"

घड्याळात अकरा पंचवीस झाले होते. ज्ञानदेवांनी खिळ्याला अडकवलेली दत्तोबांची यादी काढून श्यामलाबाईंच्या हातात दिली. "वाच," ते म्हणाले, आणि टंकायला बसले. त्या वाचत गेल्या, हे टंकत गेले. पंधराव्या नावाला कागद भरला. मग त्यांनी अक्षराचा आकार एकेक पायरी खाली आणला. पुढे चुलत्यांना जागा मिळावी म्हणून मुहूर्त आवळला, आत्यांसाठी स्थळ आवळलं आणि मामांसाठी गणपतीही थोडा बारीक केला. बाराला पाच कमी असताना फाइल गेली.

"आली," दत्तोबा म्हणाले. मागे माणसांचा गलका होता. "समदी हायती. तात्यांनी त्यांचं नाव हुडकलं, आत्तीनं तिचं. फकस्त बाकीचं काय वाचता येत न्हाई. छापू का?"

"छापा," ज्ञानदेव म्हणाले. अक्षराबद्दल चकार शब्द न काढता त्यांनी फोन खाली ठेवला.